अठरावरून त्रेसष्ट

अडतीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या मुलांना आकडे शिकवले. त्यात सगळ्यात जास्त घाम काढला तो त्रेसष्टने. कारण साधं आहे. बोलताना तीन आधी येतो आणि साठ मागून. लिहिताना मात्र साठातला सहा आधी आणि तीन मागून. मूल बिचारं सरळ मनाचं असतं. 'त्रे' कानावर पडलं की ते तीन लिहून मोकळं होतं, मग 'सष्ट' येतं, ते सहा लिहितं, आणि वहीत छत्तीस उभे राहतात. यावरून मी कधी कोणावर ओरडलो नाही. एवढंच सांगायचो, "पेन्सिल कानावर ठेवा. आकडा पूर्ण ऐका, तोंडातल्या तोंडात एकदा म्हणा, आणि मगच पेन्सिल खाली घ्या." आमच्या कांपन गावात आज साठीला टेकलेला एक पाववाला आहे, तो टेलिफोन नंबर लिहून घ्यायच्या आधी अजूनही पेन्सिल कानावर ठेवतो. मला पाहिलं की जरा लाजतो, पण ठेवतो.

हे एवढं सांगायचं कारण, याच त्रेसष्टने यंदाच्या जूनमध्ये मला कमरेइतक्या पाण्यात उभं केलं आणि तेरा कालवडी तो प्रकार बघत होत्या.

दरवर्षी मी आणि माझी बायको फेन्ना आयसेल नदीच्या काठाकाठाने सायकलवर जातो. चार दिवसांत डूसबर्ग, तिथे आमची मुलगी मार्लूस राहते, तिच्याकडे विश्रांती घ्यायची आणि परत. तेवीस वर्षं हे चाललं आहे. त्याबद्दल कोणाला काही म्हणायचं नव्हतं. यंदा मात्र मार्लूसचा फोन आला.

"बाबा, मार्चमध्ये गॅसवर दूध जळून कोळसा झालं. घरभर धूर झाला होता. एप्रिलमध्ये घराची किल्ली पावाच्या डब्यात सापडली. परवा वोल्टरकाकांच्या वाढदिवसाला तुम्ही एक दिवस उशिरा गेलात. मी डॉक्टरांकडे वेळ घेतलीये. बारा सप्टेंबर. स्मरणशक्तीची तपासणी."

"कोणाची?" मी विचारलं.

"बाबा!"

विसरभोळा म्हणून मी पूर्वीपासूनच प्रसिद्ध आहे. एकदा शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा बस आणली आहे हे विसरून अठ्ठावीस मुलांना चालवत परत आणलं होतं. पण तो विसरभोळेपणा तरुण माणसाचा होता, त्याला लोक हसत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणी हसत नाही. लोक हळू आवाजात बोलायला लागतात, आणि तेच जास्त वाईट असतं. तपासणीत नापास झालो तर पुढे काय, हे मला माहीत होतं. आधी सायकलची किल्ली काढून घेतात, मग गॅसची चावी बंद करतात, मग एक दिवस हसतमुख बाई येऊन विचारते की वृद्धाश्रमात कुठल्या बाजूच्या खिडकीची खोली आवडेल.

म्हणून मी मार्लूसशी करार केला. यंदाही आम्ही सायकलनेच येऊ. शुक्रवारी संध्याकाळी सहाला, बटाटे टेबलावर यायच्या आत, तुझ्या दारात असू. वाटेत तुला गाडी घेऊन बोलावणार नाही आणि एकही आकडा चुकणार नाही. तसं झालं तर बारा सप्टेंबर रद्द.

"आणि चुकलात तर?"

"तर तुझा डॉक्टर आणि मी."

कराराची बातमी फुटायला दोन दिवसही लागले नाहीत. पहिला आला शेजारचा वोल्टर. त्याने पाच दिवसांच्या वाऱ्याचा तक्ता छापून आणला होता. "मास्तर, वारा समोरून."

"कुठल्या दिवशी?"

"सगळ्या. येतानाही समोरूनच असेल, मी हिशेब केलाय. अहो, बॅटरीची सायकल घ्या. या वयात पाय मारून कोणाला काय दाखवायचंय?"

मी म्हटलं की मला माझे पायच दाखवायचे आहेत. त्यावर त्याने पंक्चरचं सामान दिलं. ते आमच्या चाकाला बसत नव्हतं, पण त्याचा त्याला अभिमान होता.

मग पासमनबाई आल्या. त्यांचे दीर असेच सायकलच्या सुट्टीला गेले होते आणि तिकडेच गेले. "पण हवा काय सुंदर होती म्हणून सांगू," त्या म्हणाल्या, "अगदी शेवटपर्यंत ऊन." फेन्नाने त्यांना कॉफी दिली, कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. थोड्या वेळाने डबा उघडून आणखी एक दिलं. पासमनबाई इतक्या चकित झाल्या की दिरांचं राहिलेलं सांगायचं विसरल्या. आमच्याकडे दुसरं बिस्किट बारशाला देतात.

आता आकड्यांचं. आमच्या देशात सायकलच्या वाटा जिथे जिथे मिळतात तिथे एक खांब असतो आणि त्यावर आकडा. खांबावरचे बाण पुढच्या आकड्यांकडे नेतात. आपण घरी नकाशा घ्यायचा, आकडे ओळीने एका कागदी पट्टीवर लिहायचे, पट्टी हँडलला चिकटवायची, आणि मग डोकं वापरायची गरज नाही. नकाशातले बारीक आकडे मला मोतीबिंदूमुळे भिंगाशिवाय दिसत नाहीत. म्हणून तेवीस वर्षं पद्धत ठरलेली आहे: फेन्ना वाचते, मी लिहितो. डोळे तिचे, अक्षर माझं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चारही दिवसांच्या पट्ट्या केल्या. पेन्सिल अर्थातच कानावर होती.

मंगळवारी निघालो. वोल्टर दारात उभा राहून ओलं बोट वर धरून वारा बघत होता. त्याचा तक्ता बरोबर निघाला. वारा समोरून होता आणि त्याने सोबतीला पाऊस आणला होता. बांधावरून जाताना उजवीकडे नदी करडी, डावीकडे कुरणं करडी, आणि मेंढ्या मुळातच करड्या. हातमोजे काढले तर फेन्नाने तीन आणले होते, तिन्ही उजव्या हाताचे.

"बरं झालं," मी म्हटलं, "डावा हात गार पडला की त्याच्यावर उपाय नाही म्हणून खिशात तरी जाईल."

"तू बोलू नकोस मास्तर, तू वाढदिवसाला एक दिवस उशिरा जातोस."

"मला तारीख तूच सांगितलीस!"

"बघ, आता माझ्यावर ढकल."

रात्रीचा मुक्काम लाम्बेर्टाबाईंकडे होता. सायकलवाल्यांना घरी उतरवून घेणाऱ्या माणसांपैकी त्या एक. त्यांनी आम्हाला त्यांच्या स्वर्गवासी यजमानांची खोली दिली. उशीवर पायजम्याचा जोड घडी करून ठेवला होता. "तुमचे कपडे भिजलेत, घाला की," त्या म्हणाल्या. "तो काही म्हणायचा नाही." मी घातला. मापात बसला, हे मला फारसं आवडलं नाही. जेवताना फेन्नाने बोटीवर चढलेल्या मेंढीची गोष्ट सांगितली. लाम्बेर्टाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सकाळी पावावर चॉकलेटचा चुरा पसरताना फेन्नाने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. बाई पुन्हा हसल्या, पण या वेळी माझ्याकडे बघून. चांगली गोष्ट फेन्ना दोनदा सांगते, मला त्याची सवय आहे.

बुधवारी दहाच्या सुमाराला आम्ही अठराच्या खांबाशी पोचलो. पट्टीवर अठरानंतर ३६ होता. खांबावर ३६ चा बाण होता. आता माझं नशीब बघा, त्याच खांबावर, दुसऱ्या बाजूला, ६३ चाही बाण होता. पण मी तिकडे कशाला बघू? पट्टी सांगते छत्तीस, खांब सांगतो छत्तीस, मी वळलो.

आधी डांबर होतं, मग विटांचा रस्ता लागला, मग खडी, मग नुसताच चिखल. ३६ चा खांब भेटला तेव्हा चाकं फिरत नव्हती, घसटत होती. पट्टीवर पुढचा आकडा २७. खांबावर २७ चा बाणच नव्हता. समोर नदी होती आणि एक पाटी: होडी फक्त शनिवार-रविवार.

"चुकलो," फेन्ना म्हणाली.

"आपण नाही, नगरपालिका चुकली," मी म्हटलं. "त्यांनी बाण काढलाय." आणि मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. दहा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"तक्रार कुठल्या खांबाची आहे?"

"सत्तावीसच्या बाणाची. तो नाहीये."

"कुठे नाहीये?"

"छत्तीसवर."

तिने पाहिलं. "छत्तीसवर सत्तावीसचा बाण आमच्या यादीतही नाहीये, साहेब."

"मग मी म्हणतो तेच खरं! नाहीये ना?"

"पण साहेब, जो असायला हवा आणि नाही, त्याचीच तक्रार घेता येते. जो नाही आणि नाहीये, त्याची घेता येत नाही. सूचना म्हणून नोंदवू?"

"नोंदवा," मी ताठ मानेने म्हटलं. "बेरेंड वोल्टहाउस, निवृत्त शिक्षक."

ताठ मान हीच चूक झाली. फोन खिशात घालत मी रुबाबात सायकल वळवली, पुढचं चाक कुरणाच्या फाटकाखालच्या लोखंडी पट्ट्यांत अडकलं, सायकल काठावर राहिली आणि मी चरात गेलो. पाणी कमरेपर्यंत होतं. खाली काय होतं ते सांगत नाही. कुरणातल्या कालवडी सावकाश जवळ आल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. इतक्या शिस्तीत माझा कुठलाही वर्ग कधी उभा राहिला नव्हता.

कालवडींची मालकीण दोर घेऊन आली. धिप्पाड बाई, रबरी बूट. "धरा आजोबा! दोन्ही हातांनी! चष्मा राहू द्या!" मी चष्मा सोडला नाही, म्हणून तिला दोनदा ओढावं लागलं. वर आल्यावर मी तिला आमची पट्टी दाखवली. ती वाचून म्हणाली, "सत्तावीस? तो तर पलीकडे. अठरावरून त्रेसष्ट घ्यायचा, त्रेसष्टवरून सत्तावीस. इकडे छत्तीसला कशाला आलात? इकडे कोणीच येत नाही."

"मी त्रेसष्टच म्हणाले होते," फेन्ना म्हणाली.

मला थंडी वाजत होती, ती एकदम थांबली. म्हणजे थंडी होती, पण तिच्याकडे लक्ष राहिलं नाही.

"तू त्रेसष्ट म्हणालीस?"

"स्पष्ट. आणि तू ऐकता ऐकता लिहिलंस, छत्तीस. दुसरीतल्या पोरासारखं." ती हसायला लागली. "अडतीस वर्षं पोरांचे कान खाल्लेस, आणि स्वतः! थांब, मार्लूसला सांगते."

गोठ्यात त्या बाईने मला तिच्या नवऱ्याचे कपडे दिले. दोन दिवसांत दुसऱ्या नवऱ्याचे. मी गवताच्या भाऱ्यावर बसून स्वतःची परीक्षा घेतली. सतराचा पाढा बरोबर आला. माझ्या पहिल्या वर्गाची हजेरी घेतली, एकतीसपैकी एकतीस नावं आली, बसण्याच्या क्रमाने. तरी मनाचं समाधान होईना. पाढे सगळ्यात शेवटी जातात हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. ते मला ओळखत नव्हते, तेव्हाही एकोणीसचा पाढा म्हणत होते. बाहेर फेन्ना त्या बाईला मेंढीची गोष्ट सांगत होती. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला वाटलं, ठीक आहे. बारा सप्टेंबरपर्यंत तीन महिने आहेत. तेवढ्यात फेन्नाला गॅस कुठे बंद करायचा, कागद कुठल्या कप्प्यात, हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे. आणि लिहितानाही पेन्सिल कानावर ठेवली पाहिजे, कारण माझा आता भरवसा नव्हता.

सायकलचं चाक सरळ होईपर्यंत दिवस गेला. त्या बाईने तिथेच ठेवून घेतलं आणि आमच्याकडे कडाक्याच्या हिवाळ्यात करतात ते वाटाण्याचं सूप वाढलं, जून महिन्यात. माझ्याकडे बघून तिला ते योग्य वाटलं असावं.

गुरुवारी सकाळी आम्ही परत अठराच्या खांबाशी आलो. पाऊस थांबला होता. खांबावर हिरव्या रंगात, माझ्या तळहाताएवढे दोन आकडे: एका बाजूला ३६, दुसऱ्या बाजूला ६३. एवढे मोठे आकडे मलाही दिसतात. मी ६३ कडे सायकल वळवली.

"अरे, तिकडे कुठे निघालास?" मागून फेन्ना ओरडली. "तो छत्तीस! पुन्हा चिखलात जायचंय का?" आणि तिने हात वर करून ३६ च्या बाणावर बोट ठेवलं. "हा काय इथे. त्रेसष्ट."

मला वाटलं ती माझी चेष्टा करते आहे. मी हसलोसुद्धा. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा करताना तिच्या डाव्या भुवईला एक बाक येतो, तो आला नव्हता. ती मला वाट दाखवत होती, एवढंच.

वर्गात असं झालं की मी कधी "चूक" म्हणायचो नाही. आणखी एक सोपं द्यायचो. मी खिशातून नकाशा काढला, भिंगाशिवाय बघतो आहे असं दाखवलं आणि म्हटलं, "फेन्ना, माझ्या डोळ्यांचा काही उपयोग नाही. हा कितवा?"

"बारा," ती म्हणाली. भिंग लावून मी पाहिलं. एकवीस होता.

"आणि हा?"

"चोपन्न. काय रे, शाळा भरवलीस का रस्त्यात?"

पंचेचाळीस होता.

मी पट्टी पाहिली. माझंच अक्षर, टपोरं, ३६. पेन्सिल कानावर ठेवून, पूर्ण ऐकून, तोंडातल्या तोंडात म्हणून लिहिलेलं. मी बरोबर लिहिलं होतं. तिने सांगितलं तेच. मी जिंकलो होतो, आणि मी त्या खांबाला धरून उभा राहिलो.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली, मधली सुट्टी संपल्यावर मुलं बसतात तशी. पावाच्या डब्याला मी हात लावत नाही, पाव फेन्ना कापते. दूधही तीच तापवते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात फक्त शेवटी आलो होतो, धूर बघून. वाढदिवसाची तारीख तिने सांगितली होती. तीन हातमोजे. दुसरं बिस्किट. मेंढी. प्रत्येक वेळी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, कारण बस विसरणारा माणूस मी होतो. मीही माझ्याचकडे पाहिलं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं. "दम लागला का? वोल्टर म्हणत होता, बॅटरी घ्या म्हणून."

"हो, जरा," मी म्हटलं. "फेन्ना, तुझं बरोबर आहे. पण त्या चिखलाने माझी जिरली नाही अजून. एकदा माझं ऐक, या बाजूने जाऊन बघू."

"चुकलं तर मी बोलणार हं."

"बोल."

तीन दिवसांचं अंतर दोन दिवसांत कापलं. वारा समोरूनच होता. शुक्रवारी सहाला सात मिनिटं कमी असताना आम्ही डूसबर्गला मार्लूसच्या दारात उभे होतो. ती घड्याळ बघतच दार उघडायला आली. गाडी बोलावली नव्हती, बटाटे टेबलावर यायचे होते. मी गप्प बसलो असतो तर करार पुरा झाला असता.

"चुकलात का कुठे?" तिने विचारलं.

"चुकलो," मी म्हटलं. "चांगला एक दिवस. त्रेसष्ट ऐकलं आणि छत्तीस लिहिलं."

"बघितलंस!" फेन्नाने टाळी वाजवली. "मी काय म्हणत होते? दुसरीतलं पोर!" आणि जेवायला बसल्यावर तिने सगळं रंगवून सांगितलं: फोन, चर, दोर, चष्मा, तेरा कालवडी. मार्लूस हसून हसून लाल झाली. मीही हसलो, प्रसंग खरोखरच चांगला होता. मग घेवड्याच्या शेंगा फिरल्या. फेन्नाने वाडगं खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "अगं मार्लूस, तुला गंमत सांगायची राहिलीच. तुझा बाबा काय करतो माहितीये? मी सांगते त्रेसष्ट..."

मार्लूसचा काटा हवेतच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. आईच्या गोष्टीत दोर आला तेव्हा ती पुन्हा हसली, अगदी योग्य जागी, आणि मला वाटलं, माझी पोर गुणाची आहे.

भांडी पुसताना ती हळूच म्हणाली, "बाबा, बारा सप्टेंबर..."

"रद्द करू नकोस. दोघांची वेळ घे."

"आईला काय सांगू?"

"सांग, बाबाला एकट्याला भीती वाटते." तेवढं तरी खरं होतं.

रविवारी मार्लूस आम्हाला गाडीने सोडते म्हणत होती. फेन्नाने ऐकलं नाही. तेवीस वर्षं मी पुढे आणि ती मागे, अशी आमची रीत. या वेळी मी म्हटलं की माझा काही भरवसा नाही, तू पुढे हो. ती खूश झाली. पट्टी मी हँडलवर लावली नाही, रेनकोटच्या खिशात ठेवली. आकडे मी भिंगाने स्वतः वाचून लिहिले होते.

वारा समोरून होता. वोल्टरचा हिशेब पक्का असतो. पुढे तिची पाठ, निळा रेनकोट, एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा बाहेर टाकायची तिची जुनी सवय. खांब आला की ती पाय टेकायची आणि मागे न बघता विचारायची, "मास्तर, कितवा?"

मी म्हणायचो, "डावीकडे."